पॉन्टियाक बंद कधी पडली आणि संपली कधी (आणि शेजारच्या आजोबांची ट्रान्स ॲम)

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. ओहायोत तुमच्या शेजारचे एक आजोबा त्यांची १९७९ ची पॉन्टियाक ट्रान्स ॲम विकायला काढताहेत. बॉनेटमधून वर आलेल्या डबड्यावर ‘६.६ लिटर’ अशी अक्षरं आहेत आणि आजोबांचं म्हणणं, आत अस्सल पॉन्टियाकचं इंजिन आहे. ती घ्यावी का, हा एक प्रश्न. दुसरा असा, की इतकी नावाजलेली कंपनी २००९ मध्ये बंद का पडली. तुम्हाला मिळालेल्या उत्तरांत कुणी एझ्टेक नावाच्या कुरूप गाडीच्या नावाने बोटं मोडलीत, कुणी मंदीच्या, कुणी सरकारच्या.

मला विचाराल तर हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. त्या डबड्याखाली कुणाचं इंजिन बसलंय, तिथेच कंपनी का बुडाली त्याचंही उत्तर आहे. पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. पुण्यात शिकलो, १९९७ मध्ये मिशिगनला आलो आणि पुढची तेवीस वर्षं सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडे इंजिनं बेंचवर बसवून ती मोडेपर्यंत पळवली. पॉन्टियाक ज्या जनरल मोटर्सचा (जीएमचा) एक विभाग होती, तिचा पगार कधी खाल्ला नाही. निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये जुनी इंजिनं खोलतो आणि बांधतो, त्यात तीन पॉन्टियाकची होती. त्यामुळे माझी नजर इंजिनवाल्याची आहे. विक्रीतला माणूस हीच गोष्ट वेगळी सांगेल, आणि त्याचंही अगदीच चूक असेल असं नाही.

पॉन्टियाक जन्मली १९२६ मध्ये, जीएमच्याच ओकलंड या गाडीची स्वस्तातली धाकटी बहीण म्हणून. नाव मिळालं मिशिगनमधल्या पॉन्टियाक गावावरून, आणि गावाला ते १७६३ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव करणाऱ्या ओडावा प्रमुखाचं. धाकटी इतकी खपली की १९३१ मध्ये थोरलीच बंद करावी लागली. पुढची पंचवीस वर्षं मात्र ही गाडी म्हणजे सरळमार्गी माणसाची सरळमार्गी गाडी. शाळामास्तरांनी घ्यावी, रविवारी चर्चला न्यावी, दहा वर्षं वापरावी. बॉनेटवर क्रोमच्या लांबलचक पट्ट्या, एवढाच काय तो नखरा.

१९५६ मध्ये सेमन क्नुडसन तिथे प्रमुख म्हणून आले. सगळे त्यांना ‘बंकी’ म्हणत. वय ४३, वडील जीएमचे माजी अध्यक्ष. तरुणाची गाडी म्हाताऱ्याला विकता येते, म्हाताऱ्याची तरुणाला नाही, हे त्यांचं सूत्र म्हणून सांगितलं जातं. त्यांनी आल्या आल्या त्या क्रोमच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि जीएमच्याच ओल्ड्समोबिल विभागातून पीट एस्टिस, पॅकार्ड कंपनीतून जॉन डीलोरियन अशी दोन माणसं आणली. दोघंही इंजिनिअर. कंपनी कुठे वळणार ते या निवडीतच दिसतं.

१९५९ च्या मॉडेलसाठी नवी बॉडी रुंद झाली होती, पण खालची चाकं जुन्याच अंतरावर, त्यामुळे गाडी अंगाने पैलवान आणि पायाने काडी अशी दिसायची. यांनी चाकंच सुमारे पाच इंच बाहेर घेतली. दिसणं सुधारायला केलेला बदल, पण दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर वाढलं की गाडी वळणावर कमी कलते, त्यामुळे तीच जाहिरात झाली: ‘वाइड ट्रॅक’.

यानंतरची टेम्पेस्ट ही माझी लाडकी गाडी, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो. १९६१ मध्ये छोटी गाडी काढायची होती आणि चार सिलिंडरचं नवीन इंजिन बनवायला पैसे नव्हते. मग यांनी आपलं ३८९ घन इंचांचं व्ही-८, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांचं इंजिन, घेतलं आणि सरळ अर्धं केलं. म्हणजे अक्षरशः उजवीकडची चार सिलिंडरं ठेवली आणि डावी बाजू टाकली. अर्धं इंजिन ते अर्धंच, थरथर प्रचंड. ती थरथर माणसांपर्यंत पोचू नये म्हणून गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेला, आणि पुढच्या इंजिनपासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत नेहमीच्या जाड पोकळ प्रोपेलर शाफ्टऐवजी जेमतेम पाऊण इंच जाडीची भरीव पोलादी सळई टाकली. सळई सरळ नव्हती. मध्ये सुमारे तीन इंचांचा बाक देऊन तिला वाकलेल्या अवस्थेतच फिरायला लावलं होतं. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण वाकून ताणात असलेली सळई फिरताना उडत नाही, हे गणित बरोबर होतं. मी एकदा ती नळीतून बाहेर काढून हातात घेतली तेव्हा दारूच्या पेल्यात हलवायच्या काडीसारखी वाटली. या काडीने एक मोटार ओढली यावर बायकोचा अजून विश्वास नाही.

गाडी काही निर्दोष नव्हती. मागची चाकं वळणावर आत दुमडायची आणि शेपूट सुटायचं. १९६४ च्या मॉडेलपासून ही सगळी करामत गुंडाळून नेहमीची सरळधोपट रचना आली. पण मला दाखवायचंय ते वेगळंच. या विभागाकडे स्वतःचं इंजिन होतं, ते खोलून अर्धं करायची हिंमत असलेली माणसं होती, आणि ‘करून तर बघा’ म्हणणारा साहेब होता. पॉन्टियाकचं भांडवल हे. पत्रा तर जीएमच्या बाकी गाड्यांशी तेव्हाही सामाईकच होता.

आता जीटीओ. हिची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण बहुतेक जण तिच्यातला इंजिनचा भाग गाळतात. १९६१ आणि १९६२ ची डेटोना ५०० शर्यत पॉन्टियाकने जिंकली होती. जानेवारी १९६३ मध्ये जीएमने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. पॉन्टियाकची तरुणांतली ओळख शर्यतींवरच उभी, म्हणजे पायाखालची सतरंजीच गेली. त्याच सुमारास डीलोरियन आणि मंडळी शनिवारी मिलफर्डच्या चाचणी मैदानावर जमून गाड्यांत काय करता येईल याचा खल करत. एका शनिवारी नवी टेम्पेस्ट लिफ्टवर होती, आत ३२६ घन इंचांचं इंजिन. बिल कॉलिन्स या इंजिनिअरने लक्षात आणून दिलं की मोठं ३८९ यात बसायला काहीच अडचण नाही, माउंटिंग सारखीच आहेत.

हे कसं, ते सांगतो. जीएमच्याच शेवरले विभागाची लहान आणि मोठी व्ही-८ ही दोन वेगळी कुळं होती. पॉन्टियाकने १९५५ पासून एकाच ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या एकाच ओतीव सांगाड्यावर, सगळा संसार केला. ३२६, ३८९, ४००, ४२१, ४५५, बाहेरून मापं जवळपास सारखीच. फरक आत, सिलिंडरच्या बोअरमध्ये (व्यासात) आणि क्रँकच्या फेकीत (पिस्टन किती वरखाली जातो त्यात). एक काढा, दुसरं ठेवा. या काटकसरीतून जीटीओ निघाली.

अडचण एकच होती. जीएमचा नियम होता, की या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे ५.४ लिटरपेक्षा, मोठं इंजिन घालायचं नाही. ३८९ म्हणजे ६.४ लिटर. नवं मॉडेल काढायचं तर मुख्यालयाची मंजुरी लागते, पण जादा पैसे देऊन घ्यायच्या पर्यायाला ती लागत नव्हती. म्हणून जीटीओ हा टेम्पेस्टच्या लमांझ या आवृत्तीवरचा ३०० डॉलरच्या आतला एक ‘पर्याय’ म्हणून यादीत घुसवला. एस्टिस तेव्हा प्रमुख होते, त्यांनी मान डोलावली. विक्रीप्रमुख ५,००० गाड्यांनाच कसेबसे तयार झाले. मुख्यालयाला कळेपर्यंत ऑर्डरी हातात होत्या, आणि आलेल्या ऑर्डरींना नाही कोण म्हणणार. पहिल्या वर्षी ३२,४५० गेल्या, दुसऱ्या वर्षी ७५ हजारांवर, तिसऱ्या वर्षी ९७ हजारांच्या आसपास. जीटीओ हे नाव फेरारीच्या गाडीवरून उचललेलं, तेही बिनदिक्कत.

जाता जाता एक गंमत. मार्च १९६४ च्या एका मोठ्या मोटार मासिकाने पॉन्टियाकच्या जीटीओची फेरारीच्या जीटीओशी तुलना छापली आणि पॉन्टियाकला डोक्यावर घेतलं. चाचणीची गाडी पुरवली होती पॉन्टियाकचे जाहिरातवाले जिम वँगर्स यांनी. त्यात ३८९ नव्हतंच, ४२१ घातलं होतं, हे त्यांनी बऱ्याच वर्षांनी स्वतःच कबूल केलं. बाहेरून ओळखणार कसं? ब्लॉक एकच ना.

इथे डेट्रॉइटपासून पॉन्टियाक गावापर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यू जातो. साठच्या दशकात रात्री याच रस्त्यावर सिग्नलला गाड्या शेजारी शेजारी थांबायच्या आणि हिरवा पडला की पुढच्या सिग्नलपर्यंत हिशेब व्हायचा. त्यांत कंपन्यांचे इंजिनिअरही असायचे. रॉयल ओकमधला एक पॉन्टियाक विक्रेता तर गाडीचे जेट, टायमिंग, हेड गॅस्केट बदलून ती ‘बॉबकॅट’ करून द्यायचा. ऑगस्टमध्ये वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, मी दर वर्षी खुर्ची टाकून बसतो. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यांना १९६६ मध्ये कोण कुणाकडून हरलं ते अजून तोंडपाठ असतं.

१९६७ मध्ये फायरबर्ड आली, १९६९ मध्ये तिची ट्रान्स ॲम आवृत्ती, पहिल्या वर्षी फक्त ६९७ गाड्या. १९६८ च्या मॉडेलवर्षात पॉन्टियाकने ९ लाखांहून जास्त गाड्या बनवल्या, आणि साठच्या दशकात बराच काळ अमेरिकेत शेवरले आणि फोर्डच्या खालोखाल तिचाच नंबर होता.

मग घसरण. इथे लोक फार सरसकट बोलतात, म्हणून दोन गोष्टी सुट्या करतो. पहिली, बाहेरून आलेली. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पेट्रोलमधलं शिसं जाणार हे दिसत होतं, म्हणून जीएमने १९७१ पासून सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरवलं. शिसं नसेल तर जास्त दाबाखाली पेट्रोल वेळेआधीच भडकतं, इंजिन ठोकायला लागतं, म्हणून दाब कमी. दाब कमी झाला की त्याच पेट्रोलातून काम कमी निघतं. विमा कंपन्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांवर जादा हप्ता लावला होताच, बावीस वर्षांच्या मुलाला तो परवडेना. १९७३ मध्ये तेलाचा भडका. यातलं काहीही पॉन्टियाकच्या हातात नव्हतं, आणि फोर्ड, क्राइस्लर कुणीच यातून सुटलं नाही.

शिवाय कागदावरची घसरण दिसते तितकी खरी नव्हती. १९७१ पर्यंत अश्वशक्ती मोजायची ती इंजिन उघडं करून: एअर फिल्टर नाही, अल्टरनेटर नाही, सायलेन्सर नाही. १९७२ पासून हे सगळं जोडून मोजायला लागले. ४५५ एचओ या इंजिनचा आकडा १९७१ मध्ये ३३५ होता, १९७२ मध्ये ३००, आणि इंजिन जवळपास तेच. मी बेंचवर आयुष्य काढलंय, नुसतं एअर फिल्टर आणि सायलेन्सर लावल्यावर काटा किती खाली येतो ते रोज बघितलंय. तेव्हा जुने आकडे नव्याशी ताडून उसासे टाकणाऱ्यांकडे जरा कानाडोळा करा.

दुसरी गोष्ट आतली, आणि माझ्या मते कंपनी तिथे संपली. डीलोरियन १९६९ मध्ये शेवरलेत गेले. तरीही मागे उरलेल्या इंजिनिअरांनी १९७३-७४ मध्ये सुपर ड्यूटी ४५५ काढलं, नव्या मोजणीनेही २९० अश्वशक्ती, सगळं जग इंजिनं लहान करत असताना. पहिल्या वर्षी अशा ट्रान्स ॲम २५२ निघाल्या, दुसऱ्या वर्षी ९४३. तो शेवटचा हट्ट. १९७४ ची जीटीओ बिचारी पॉन्टियाकच्याच छोट्या व्हेंचुरा गाडीवर बसवलेलं एक पॅकेज होती, सात हजारांच्या आसपास विकल्या आणि नाव मिटलं.

त्यानंतर प्रत्येक इंजिनला उत्सर्जनाचं प्रमाणपत्र काढायचा खर्च वाढत गेला. एकाच मालकाच्या घरात शेवरले, पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल आणि ब्यूक या चौघांची चार वेगळी व्ही-८, प्रत्येकाची वेगळी चाचणी. हिशेबनीसाने विचारलं असणार, की कशाला? आणि खरं सांगू, त्याच्या खुर्चीत बसून मलाही दुसरं काही सुचलं नसतं. म्हणून इंजिनं इकडची तिकडे फिरायला लागली. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिलच्या ग्राहकांना आपल्या गाडीत शेवरलेचं इंजिन आहे हे कळलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे जीएमच्या जाहिरातींत बारीक अक्षरांत खुलासा छापावा लागला, की इंजिनं वेगवेगळ्या विभागांत बनतात.

त्याच वर्षी एका चित्रपटात बर्ट रेनॉल्ड्सने काळी ट्रान्स ॲम उडवली आणि विक्रीला उधाण आलं. १९७७ मध्ये ६८,७४५, १९७८ मध्ये ९३ हजारांवर, १९७९ मध्ये १,१७,१०८. तुमच्या आजोबांची त्यातलीच एक. बॉनेटभर पंख पसरलेला सोनेरी पक्षी, ज्याला इथले लोक प्रेमाने ‘ओरडणारी कोंबडी’ म्हणतात. आणि मधोमध ते डबडं. ते बॉनेटला जोडलेलं नाही, थेट इंजिनवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन सुरू केलं की तेही हलतं. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या मागच्या तोंडातून इंजिन हवा ओढायचं. १९७३ पासून आवाजाच्या नियमांसाठी ते तोंड बंद करून टाकलं. म्हणजे हलायचं डबडं हलत राहिलं, श्वास मात्र थांबला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी त्याला म्हणतो तेव्हा ट्रान्स ॲमवाले मित्र रागावतात. रागावू देत.

विक्रीच्या शिखरावर असतानाच इंजिन हातातून गेलं, हा या गोष्टीतला सगळ्यात विचित्र भाग. पॉन्टियाकचं शेवटचं व्ही-८ १९८१ मध्ये बनलं. माझ्या हिशेबी पॉन्टियाकची पुण्यतिथी तीच. १९८२ ची नवी फायरबर्ड दिसायला देखणी, टीव्हीवरच्या एका मालिकेत बोलायचीसुद्धा, पण तिच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत चार सिलिंडरचं ९० अश्वशक्तीचं इंजिन होतं. (ते चार सिलिंडरचं तेवढं पॉन्टियाकचं स्वतःचं होतं, हा दैवाचा विनोद.) १९८९ मध्ये टर्बोवाली एक झकास ट्रान्स ॲम निघाली, दीड हजारांच्या आसपास. इंजिन ब्यूकचं.

एकदाच मधे जुनी खुमखुमी जागी झाली, ती १९८४ च्या फिएरोत. हुल्की अल्दिकाक्ती नावाचे तुर्की वंशाचे इंजिनिअर, इंजिन माणसाच्या पाठीमागे, प्लॅस्टिकचे पत्रे पोलादी सांगाड्यावर बसवलेले. पण पैसे इतके मोजून दिले की पुढचं सस्पेन्शन शेवरलेच्या शेवेट गाडीचं आणि मागचं शेवरलेच्याच सायटेशनच्या पुढचं उचलून उलटं लावलेलं. पहिल्या वर्षी सव्वा लाखाहून जास्त खपल्या. मग आगी लागायला सुरुवात झाली. त्या इंजिनात ऑइल मुळातच थोडं मावायचं. ते कमी झालं की कनेक्टिंग रॉड तुटायचा, ब्लॉक फुटायचा आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडायचं. १९८८ मध्ये तिला शेवटी स्वतःचं सस्पेन्शन मिळालं, गाडी व्हायला हवी होती तशी झाली, आणि त्याच वर्षी बंद केली. ती बनायची त्याच पॉन्टियाक गावात.

बाकी सगळी उसनवारी. शेवरलेची शेवेट घेऊन पॉन्टियाक टी१०००, कॅव्हेलियर घेऊन सनबर्ड. आपल्या मंडळींना पटेल असं एक उदाहरण देतो. १९९६ मध्ये पुण्यात माझ्या आत्याच्या यजमानांनी देवू सिएलो घेतली होती, त्या वेळी मोठं अप्रूप. मिशिगनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गंजलेली एक गाडी दिसली. दारांची ठेवण, काचेची चौकट, सगळं ओळखीचं, अगदी आत्याची गाडी. मागे लिहिलेलं: पॉन्टियाक लमांझ. मूळ आराखडा जर्मनीतल्या ओपेल कॅडेटचा, बनवली कोरियात देवूने, इथे विकली पॉन्टियाक म्हणून, आणि तीच थोडी रंगसफेदी करून आपल्याकडे सिएलो. लमांझ हे नाव, लक्षात घ्या, ज्या गाडीतून जीटीओ निघाली तिचं. शेवटी शेवटी जी३ नावाने विकली ती तर आपली शेवरले एव्हिओ यू-व्हा.

एझ्टेकबद्दल फार बोलत नाही. २००१ ची, दिसायला वाईट, पहिल्या वर्षी सुमारे २७ हजार गेल्या, अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. हसं झालं, पण कंपन्या एका कुरूप गाडीने मरत नाहीत. २००४ मध्ये जीटीओ परत आली, ती ऑस्ट्रेलियाच्या होल्डनची मोनारो. २००८ ची जी८ हीसुद्धा होल्डनची, ३६१ अश्वशक्तीची, मी चालवलेली सगळ्यात चांगली पॉन्टियाक. तिच्यात पॉन्टियाकचं काय होतं? समोरची जाळी.

बंद होण्याचा तपशील थोडक्यात. १९७८ मध्ये वर्षाला ९ लाखांच्या आसपास विकणारी कंपनी २००८ मध्ये २ लाख ६७ हजारांवर आली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये जीएमने सरकारी मदतीसाठी सरकारला दिलेल्या आराखड्यात पॉन्टियाक छोट्या प्रमाणावर ठेवायची असं होतं. सरकारी गटाने तो आराखडा अपुरा म्हणून परत केला, अध्यक्ष रिक वॅगनर गेले आणि २७ एप्रिलला पॉन्टियाक बंद करायची घोषणा झाली. १ जूनला जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतली शेवटची पॉन्टियाक, एक पांढरी जी६, नोव्हेंबरमध्ये ओरायनच्या कारखान्यातून बाहेर पडली. मग निम्म्या विक्रीची ब्यूक का वाचली, असं लोक विचारतात. ब्यूकला चीनमध्ये मान होता आणि मोठं गिऱ्हाईक होतं. पॉन्टियाकला उत्तर अमेरिकेबाहेर फारसं कुणी विचारत नव्हतं, आणि घरात तिच्याकडे असं काहीच उरलं नव्हतं जे शेवरलेच्या शोरूममध्ये मिळत नाही. म्हणून मंदी नसती तर ती आणखी काही वर्षं रेटली असती, एवढंच मी मानतो. माझ्या वयाचे काही मित्र म्हणतात, जी८ आधी आली असती तर चित्र वेगळं असतं. असेलही. मला तसं वाटत नाही.

आता तुमची गाडी. १९७९ मध्ये ‘६.६’ म्हणवणारी दोन वेगळी इंजिनं होती. एक पॉन्टियाकचं ४००, त्याच्या डबड्यावर ‘टी/ए ६.६’ असं लिहिलेलं असायचं, २२० अश्वशक्ती, आणि त्या वर्षी ते फक्त चार गिअरच्या मॅन्युअलबरोबर मिळायचं. दुसरं ओल्ड्समोबिलचं ४०३, १८५ अश्वशक्ती, ऑटोमॅटिकबरोबर, त्याच्यावर नुसतं ‘६.६ लिटर’. तुम्ही लिहिलंय ते दुसरं. पण पन्नास वर्षांत स्टिकर किती वेळा बदलतात ते देव जाणे, म्हणून स्टिकरवर जाऊ नका. ड्रायव्हरच्या बाजूला, समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर गाडीचा क्रमांक असतो. त्यातलं पाचवं अक्षर बघा: झेड असेल तर गाडी कारखान्यातून पॉन्टियाक ४०० घेऊन निघाली, के असेल तर ४०३. मग बॉनेट उघडा, कारण इंजिनही मधे कधी बदललेलं असू शकतं. ऑइल ओतायची उभी नळी इंजिनच्या पुढच्या तोंडाशी दिसली तर ते ओल्ड्समोबिलचं. झाकण टॅपेट कव्हरवर असेल तर पॉन्टियाकचं.

४०३ वाईट इंजिन नाही. शांत आहे, हायवेला मस्त पळतं. मात्र ब्लॉकच्या तळाशी, मेन बेअरिंगच्या भिंतींत खिडक्या सोडलेल्या आहेत, तेव्हा त्याची ताकद वाढवून त्याला शर्यतीला उतरवायचा विचार नको. रविवारी बायकापोरांना घेऊन आइस्क्रीम खायला जायचं असेल तर मी डोळे झाकून घेईन. भविष्यात विकायचा, गुंतवणुकीचा विचार असेल तर ४०० आणि मॅन्युअल शोधा, आणि ४०० च्या भावात ४०३ घेऊ नका. सुटे भाग मिळण्याची चिंता सोडा, या पिढीच्या फायरबर्डचं जवळपास सगळं नवीन बनवून विकतात. खरी चिंता गंजाची. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. पुढचा सबफ्रेम (इंजिन धरणारी चौकट) बॉडीला जिथे बोल्टने जोडलाय त्या जागा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगची टोकं, डिकीची जमीन, आणि छतावरचे काचेचे पॅनेल काढता येत असतील तर सीटखालचा पत्रा, इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर नमस्कार करून परत या, मग इंजिन कुणाचंही असो.

आणि ते ४०३ निघालं तर आजोबांशी वाद घालत बसू नका. ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. १९७९ मध्ये त्यांनी गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या माणसाने बॉनेट उघडून, त्या डबड्यावर हात ठेवून त्यांना हेच सांगितलं असणार.